वकीलसाहेबांच्या पेशी

२५ नोव्हेंबर २००४, गुरुवार

मिळाली! गाठ मिळाली! ताजी, रक्ताळलेली, बोराएवढी — आणि माझ्या हातात!

डॉ. श्रीवत्स ऑपरेशन थिएटरच्या दारातून अर्धे बाहेर आले, झाकणाची नळी माझ्या हातात ठेवली, म्हणाले, "पळ!" पळालेच. बर्फाचा डबा पोटाशी धरून, लिफ्टची वाटसुद्धा न बघता. खाली रिक्षावाला म्हणतो, "एनक्का, काय ताई, ऐस्क्रीम?" मी म्हटलं, हौदु, हो हो, ऐस्क्रीमच! लौकर चल! त्याला काय सांगू — माणसाच्या मेंदूतली गाठ आहे बाबा, विद्यानगरला आमच्या लॅबमध्ये पोचेपर्यंत जिवंत राहायला हवी.

अनुसया मॅडम हातमोजे घालून दारातच उभ्या. रिटायरमेंटला आलेली बाई, पण आज चेहरा सहलीला निघालेल्या पोरीचा! दोघींनी मिळून गाठीचे कण कण केले, पेशी सुट्या केल्या, दोन वाटण्या केल्या. एक वाटणी नेहमीच्या पद्धतीनं — सिरम, म्हणजे रक्तातलं पाणी, घालून. त्यात पेशी डिशच्या तळाला चिकटतात आणि पसरतात. दुसरी वाटणी नव्या पद्धतीनं — सिरम नाही, फक्त निवडक पोषण. त्यात बाकीच्या मरून जातात म्हणे आणि मूळ पेशी तेवढ्या तगतात. तगल्या तर गोळे करून तरंगतात.

तगल्या तर!

हे सगळं त्या परदेशातल्या पेपरपायी. मेंदूच्या वाईट गाठीत सगळ्या पेशी सारख्या नसतातच, असं त्यांचं म्हणणं. बहुतेक नुसती गर्दी. थोड्या मात्र मूळ पेशी — त्या राहिल्या की अख्खी गाठ पुन्हा उभी. मॅडम म्हणाल्या, "अंगणातला लव्हाळा उपटतेस ना? वरचं पातं हातात येतं आणि खालची गाठ मातीत राहते. तसं."

तेव्हापासून आम्हा दोघींना दुसरं काही सुचत नाही. धारवाडपर्यंत बसमध्ये उभ्यानं आले, पाय दुखल्याचं घरी आल्यावर कळलं.

२७ नोव्हेंबर, शनिवार

ज्यांची गाठ ते आता बोलू लागले. वकील आहेत — रामचंद्र नवलगुंदकर, केशवापूरचे. हुबळी कोर्टात दिवाणी दावे लढवण्यात आयुष्य गेलं. ऑपरेशनच्या आधी संमतीची सही घ्यायला मी गेले, तर माझीच उलटतपासणी!

"गाठ माझ्या डोक्यात तयार झाली. म्हणजे मालकी माझी. मग ताबा तुमच्याकडे कुठल्या हक्कानं?"

मी चाचरत म्हटलं, तुम्ही दान दिलीत तर.

"दान नव्हे. वापरायला देतो. आणि तिचं काय चाललंय ते वेळोवेळी मला कळवायचं. कबूल?"

मी म्हटलं, कबूल! कुसुमावतीकाकू, त्यांच्या मिसेस, पदरात तोंड लपवून हसत होत्या. हसता हसता डोळे पुसत होत्या, तेही दिसलं.

आज डोक्याला बँडेजचा हा एवढा फेटा. मला बघितल्याबरोबर म्हणाले, "काय तंगी, पोरं कशी आहेत माझी?"

पोरं म्हणे! आणि मी तंगी, म्हणजे धाकटी बहीण!

३० नोव्हेंबर, मंगळवार

सिरमवाल्या डिशमध्ये पेशी छान चिकटल्या. नव्या पद्धतीच्या डिशमध्ये नुसता कचरा. मॅडम म्हणतात, "सुम्मे बस, गप्प बस. डिश हलवू नकोस."

४ डिसेंबर, शनिवार

कचरा. वीज गेली, जनरेटर लागायला वेळ लागला, इनक्युबेटरला हात लावून बसले — ऊब टिकतेय का बघत. मॅडम म्हणाल्या, "अंडी उबवतेस?"

९ डिसेंबर, गुरुवार

गोळे! गोळे! गोळे!

सकाळी डिश सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. सवयीनंच डोळा लावला. आणि — तरंगतायत! गोल, काचेसारखे, काठाला उजेड. रव्याच्या कणापेक्षाही बारीक, पण गोल! मॅडमना बोलवायला हातानंच टेबल बडवलं.

मॅडम आल्या. बघितलं. बराच वेळ डोळा काढलाच नाही. मग चष्मा पुसला, परत बघितलं, आणि म्हणाल्या, "दीपश्री, चहा सांग. नाही — चहा नको. पेढे सांग!"

धारवाडच्या माणसाला हुबळीत पेढे मागवायचे म्हणजे जिवावर येतं, पण मागवले. शेजारच्या डिपार्टमेंटची माणसं डोकावली, "कुणाचं लग्न ठरलं?" मॅडम म्हणाल्या, "पेशींचं जमलं!" कुणाला काही कळलं नाही, पेढे मात्र सगळ्यांनी खाल्ले.

मी कॉरिडॉरमध्ये एक गिरकी घेतली. ऍप्रन घालून! झाडूवाल्या मावशींनी टाळी वाजवली.

ह्या शहरात — ह्या आमच्या, तासातासाला वीज जाणाऱ्या लॅबमध्ये — मेंदूच्या गाठीच्या मूळ पेशी! मी वाढवल्या!

१२ डिसेंबर, रविवार

आईनं आज बघण्याचा कार्यक्रम ठेवला होता. मुलगा पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. चेहरा बरा, पण बोलेचना. बोलली ती त्याची आत्या. "तू काय करतेस गं?"

मी म्हटलं, "मेंदूतल्या कॅन्सरच्या गाठी वाढवते."

आत्याबाईंचा पोह्यांचा चमचा हवेतच. "वाढवतेस?"

"हो! फार सुंदर वाढतायत!"

आई स्वैपाकघराच्या दारातून डोळे वटारतेय. अप्पा खोकल्याचं निमित्त करून व्हरांड्यात गेले. खोकला कसला, हसत होते! मुलगाही खाली बघून हसला, मी बघितलं.

नकार येणार. येऊ दे!

१५ डिसेंबर, बुधवार

शब्द दिला होता म्हणून गोळ्यांचा फोटो घेऊन केशवापूरला गेले. वकीलसाहेब घरी आलेत. दार उघडलं तर कांद्याचा, तळणाचा वास. ते आरामखुर्चीत, मांडीवर मिरची भज्यांची ताटली, शेजारी गिरमिटाचा, तिखट चुरमुऱ्यांचा ढीग.

"भूक, भूक, भूक बघ नुसती! आणि मन कसं — पहिली केस जिंकलो होतो त्या दिवशीसारखं!"

काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "सूज उतरायच्या गोळ्या दिल्यात ना, त्यांनी असं होतंय म्हणे. पहाटे उठून शिरा मागतात. चाळीस वर्षांत माझ्या शिऱ्याला चांगलं म्हटलं नव्हतं, आता रोज म्हणतात. मी काय समजू?"

फोटो हातात दिला. त्यांनी चष्मा चढवला, खिडकीकडे नेऊन बघितला.

"हे मी?"

"तुमच्या गाठीतले."

"गोजिरवाणे आहेत की गं! कुसुम, बघ — मला वाटलं होतं काळं, वंगाळ काहीतरी असेल."

काकूंनी फोटोला हातसुद्धा लावला नाही. आत गेल्या.

मग मी सगळं समजावलं — गर्दी कोण, मूळ कोण. त्यांनी असं ऐकलं की माझा कुठला मास्तरही कधी तसं ऐकत नसेल. शेवटी म्हणाले, "म्हणजे मारामारी शंभर जणांनी केली, पण मूळ आरोपी दोन-तीनच. पोलीस शंभरांना पकडतात आणि ते दोन-तीन मागच्या दारानं पसार. असंच ना?"

असंच! अगदी असंच! मी उद्या मॅडमना सांगणार — आपल्या पेपरची प्रस्तावना वकीलसाहेबांनी लिहिली.

निघताना विचारलं, "आता मला किरणं देणार आहेत. ती ह्या मूळ आरोपींना धरतात का?"

मी म्हटलं, तेच तर बघायचंय, काका.

२२ डिसेंबर, बुधवार

वकीलसाहेबांची किरणं सुरू झाली. काकू त्याला करंट म्हणतात. "आज करंट देऊन आणलं." सहा आठवडे चालणार.

२८ डिसेंबर, मंगळवार

आज डिशांनाही किरणं!

किरणं देणाऱ्या सेंटरच्या लोकांनी परवानगी दिली. पेशंट संपले की मशीन आम्हाला. मी डिशांचा डबा घेऊन बाकावर बसले, तर शेजारी कोण? वकीलसाहेब! डोक्यावर टोपी, हातात सुपारीची डबी, रांगेतल्या सगळ्यांशी कानडीत गप्पा. कुणाच्या जमिनीचा तंटा ऐकून फुकट सल्ला देत होते.

"डब्यात काय? पोरं? उघड की, बघू दे."

म्हटलं, उघडलं तर मरतील.

"मग राहू दे. आधी बाप जातो आत, मग पोरं."

ते आत गेले. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवून डोकं टेबलाला आवळतात. बाहेरच्या छोट्या पडद्यावर दिसत होतं. एवढा बोलका माणूस, आणि त्या मुखवट्याखाली अगदी गप्प, हात छातीवर.

पण बाहेर आले ते हसतच. "जा. तुझा नंबर."

त्याच टेबलावर, त्याच जागी, डिशा ठेवल्या. चिकटलेल्या पेशींची एक, गोळ्यांची एक, दोन्ही सारख्याच किरणांखाली. आता फक्त थांबायचं.

५ जानेवारी २००५, बुधवार

चिकटलेल्या पेशी सुटू लागल्यात. मरतायत. गोळे — अजून सांगता येत नाही. नखं कुरतडून संपली.

१२ जानेवारी, बुधवार

गोळे जिवंत!

जिवंत काय, वाढतायत! किरणं दिल्यावर आठवडाभर नुसते बसले होते — आणि आता नवे गोळे, जुन्यांच्या दुप्पट! चिकटलेल्या पेशींची डिश मात्र स्मशान झालीय. एकही उरली नाही म्हटलं तरी चालेल.

म्हणजे खरं आहे! गर्दी मरते, मूळ पेशी किरणांना पुरून उरतात. गाठ परत का येते, ह्याचं उत्तर — माझ्या डिशमध्ये! जगात अजून कुणी छापलेलं नाही! मी शोधलं, मॅडमनी शोधलं, कुठेच नाही!

तीनदा मोजलं. मॅडमनी वेगळं मोजलं. तेच. मॅडम खुर्चीवर बसून नुसत्या स्वतःच्या गुडघ्यावर थापा मारत होत्या. "पोरी, पोरी, पोरी!" मी त्यांना उठवून फिरवलं. एवढ्या मोठ्या बाईला! त्यांचा अंबाडा सुटला. म्हणाल्या, "सोड गं, चक्कर येईल," पण सोडलं तर त्याच परत हात धरून फिरल्या.

घरी येऊन आईला मिठी मारली. आई म्हणाली, "पुण्याहून होकार आलाय, तुला कसं कळलं?"

कसला होकार? हो — तो! गाठींवर हसलेला. आज सगळ्याच जगानं हो म्हणायचं ठरवलंय!

१४ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत. केशवापूरला तिळगूळ द्यायला गेले.

वकीलसाहेब सोफ्यावर आडवे. चेहरा उतरलाय. किरणांनी सारखी झोप येते, तोंडाची चव गेलीय. काकूंनी केलेल्या शेंगाच्या पोळीचा एक घास घेतला आणि ताट सरकवलं. "माती लागतेय बघ." पण माझा चेहरा बघून उठून बसले.

"काहीतरी झालंय. सांग."

म्हटलं, काही नाही.

"तंगी, तीस वर्षं साक्षीदारांची तोंडं वाचलीत मी. सांग. किरणांनी ते मूळ आरोपी मेले? हो किंवा नाही."

मी म्हणणार होते, अजून बरंच तपासायचंय. खरंच म्हणणार होते. पण पोटात फुगा फुगलेला — कुणाला सांगू आणि कुणाला नको! आणि त्यांच्याच तर पेशी. त्यांना नाही तर कुणाला?

"नाही," म्हटलं. "नाही मेले, काका! उलट वाढले!" आणि हसलेसुद्धा मी!

काकूंच्या हातातली वाटी तशीच. बाहेर पोरं तिळगूळ मागत ओरडत होती.

मग ते म्हणाले, "म्हणजे अर्धी किरणं झाली, अर्धी राहिली. आणि ती राहिलेली घेतली काय, न घेतली काय — मूळ तसंच."

"डिशमध्ये तरी तसं दिसतंय."

"डिश कुणाची?"

"तुमची."

"उत्तम," म्हणाले. आणि काय आश्चर्य — हसले! मोकळं, मोठ्यानं. "कुसुम, इतक्या डॉक्टरांत पहिल्यांदा कुणीतरी सरळ उत्तर दिलं बघ!"

माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि हात धरून ठेवला. परत येताना मला अभिमान वाटत होता. खरं बोलले म्हणून.

१८ जानेवारी, मंगळवार

वकीलसाहेबांनी किरणं बंद केली.

डॉ. श्रीवत्स लॅबमध्ये आले. ह्या आधी कधी आले नव्हते. आवाज चढवला नाही, तेच वाईट वाटलं. "तू त्यांची डॉक्टर आहेस? ऑपरेशन मी केलं. मला एक फोन करायचा होतास." मी डिशा दाखवल्या, आकडे दाखवले. त्यांनी बघितलेसुद्धा नीट. मग म्हणाले, "किरणांनी गाठ कायमची जात नाही, मलाही माहीत आहे. महिने वाढतात फक्त. पण ते महिने त्यांचे आहेत, दीपश्री. तुझ्या डिशचे नाहीत."

ते गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "डिशमधलं डिशमध्ये ठेवायचं असतं गं." मला राग आला. परवा कुणी फुगड्या घातल्या होत्या?

मग म्हणाल्या, एकाच इनक्युबेटरमध्ये, गेल्या वर्षी जिची गाठ आपल्याकडे आली होती त्या शाळेतल्या बाईंच्या पेशीही आहेत. पेपर पाठवायच्या आधी प्रत्येक पेशी ज्याची त्याची आहे ना, ते तपासून घ्यायला हवं. क्रोमोसोम बघायला, किरणं न दिलेल्या राखीव डिशांतले नमुने बेंगळूरला पाठवले. नुसती रीत म्हणून. लेबलं माझ्याच हातची आहेत, चूक कुठून होणार?

मी रडले थोडी. मग परत डिश बघितली. गोळे आहेतच. आकडे आहेतच. मी खोटं बोलले नाही.

२४ जानेवारी, सोमवार

काकूंचा फोन. वकीलसाहेबांची चव परत आली! झोपही कमी झाली. काल टेंपो करून उणकलच्या तळ्यावर सगळ्या बिऱ्हाडाला घेऊन गेले, पाण्यात पाय सोडून बसले. रविवारी मांड्यांचं जेवण ठेवलंय. मला यायलाच हवं म्हणे.

बघा! बघा डॉ. श्रीवत्स!

३० जानेवारी, रविवार

असं जेवण मी जन्मात बघितलं नाही!

वकीलसाहेबांनी बोलावलं कुणाला? ज्यांच्या ज्यांच्याविरुद्ध कोर्टात उभे राहिले त्या सगळ्या वकिलांना! आणि आलेसुद्धा सगळे — एक तर काठी टेकत. अमरगोळच्या मार्केटातला एक व्यापारी आला होता, त्याची गोदामाची जागा ह्यांनी दाव्यात काढून घेतलेली. तो म्हणाला, "जेवायला घालताय, मग जागापण परत द्या!" केवढा हशा!

अंगणात बेळगावहून आणलेली मांडे करणारी बाई, उलट्या कढईवर एवढाले मांडे टाकत होती. कागदाइतके पातळ. वकीलसाहेब स्वतः वाढत होते — पिठीसाखर, तूप, दूध. "घ्या हो, घ्या! तुम्ही मला एकतीस तारखा मागून घेतल्या होत्या, एक मांडा जास्त घ्या!" टोपी काढून ठेवलेली. व्रण सगळ्यांना दाखवत होते. भाषण केलं — कानडीत सुरू, मराठीत शेवट. म्हणाले, "माझ्या डोक्यातलं प्रकरण काय आहे ते ह्या मुलीनं मला खरं खरं सांगितलं. तिच्यामुळे मी आज तुमच्यात आहे, नाहीतर मुखवटा घालून टेबलावर असतो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी लाजून मेले. मांडे चार खाल्ले.

हात धुवायला मागच्या दारी गेले तर कुसुमावतीकाकू तिथे एकट्याच, पितळेचं पातेलं उगाच घासत. लख्ख होतं ते आधीच.

"फार खूष आहेत," म्हणाल्या. "असे तर लग्नातही नव्हते."

"हो ना!"

"दीपश्री, सगळे विचारतात मला, बंद का केलं म्हणून. मी सांगते, आतून कळलंय त्यांना, तपासून बघितलंय." पातेलं खाली ठेवलं. "तुला खात्री आहे ना, बाळ?"

म्हटलं, "हो, काकू. आकडे आहेत माझ्याकडे."

त्यांनी ओल्या हातानंच माझी हनुवटी धरली. "मग झालं तर."

४ फेब्रुवारी, शुक्रवार

पेपर लिहून झाला! पहिलं नाव माझं! मॅडमनीच टाकलं. मी दहा वेळा उघडून नुसतं नावच वाचलं. बेंगळूरचं उत्तर आलं की पाठवायचा. पुण्याहून त्याचा फोन आला होता. पहिलं वाक्य, "गाठी कशा आहेत?" मला वाटतं मी ह्या मुलाशी लग्न करणार!

१० फेब्रुवारी, गुरुवार

बेंगळूरचा रिपोर्ट आला. गोळ्यांतल्या पेशी बाईच्या. चिकटलेल्या पेशी पुरुषाच्या.

मॅडमनी वाचला आणि खुर्ची ओढून बसल्या. शाळेतल्या त्या बाईंच्या पेशी पोषणाच्या द्रवाच्या बाटलीतून, माझ्या हातून, वकीलसाहेबांच्या डिशमध्ये गेल्या आणि तिथे माजल्या. मूळ पेशी आणि गर्दी, असा फरक मी बघितलाच नव्हता. दोन वेगळी माणसं बघितली होती. किरणांनी ज्या मेल्या, त्याच तेवढ्या वकीलसाहेबांच्या.

केशवापूरला गेले. रिक्षा थांबवून ठेवली आणि दारातच सांगितलं, सगळं, एका दमात. काकूंनी भिंतीला हात टेकला. वकीलसाहेब आत गेले. शर्ट बदलून, हॉस्पिटलची फाईल काखेत धरून बाहेर आले, आणि पायरीवर चपला शोधू लागले.

"श्रीवत्सना फोन लाव, तंगी. आणि ती रिक्षा जाऊ देऊ नकोस."